मोतीबिंदू नसताना भिंग काढायचं?

बंद कोनाच्या काचबिंदूवर डॉक्टरांनी स्वच्छ भिंग काढायचं सुचवलं की घरचे बिचकतात. साहजिकच आहे, भिंगाचं ऑपरेशन मोतीबिंदू पिकल्यावर करायचं, हेच आपण ऐकत आलो. तरीही पन्नाशी ओलांडलेल्या रुग्णासमोर हा पर्याय अगदी सुरुवातीलाच मांडायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

या आजारात आयरिस, म्हणजे बुबुळाचा रंगीत भाग, आणि कॉर्निया यांच्यातला कोन बुजतो. डोळ्यातलं पाणी तिथूनच बाहेर जातं; ते अडलं की डोळ्याचा दाब वाढतो आणि दृष्टीची नस खराब होते. डोळा मुळात आखूड, त्यात वयाबरोबर भिंग जाड होऊन आयरिसला पुढे रेटतं. लेसरने आयरिसला छिद्र पाडलं की मागे अडलेलं पाणी पुढे येतं, पण जाड भिंग तिथेच राहतं. ते काढून पातळ कृत्रिम भिंग बसवलं की कोन मोकळा होतो.

'ईगल' चाचणीचे निष्कर्ष 2016 साली 'लॅन्सेट'मध्ये आले. मोतीबिंदू नसलेले, पन्नाशीपुढचे 419 रुग्ण. तीन वर्षांनी भिंग काढलेल्यांचा डोळ्याचा दाब सरासरी 16.6 मिमी (पारा), लेसरपासून सुरुवात केलेल्यांचा 17.9. फरक लहान वाटेल. मला महत्त्वाचा वाटतो तो दाब उतरवणाऱ्या थेंबांचा हिशेब: पहिल्या गटात सुमारे 61 टक्के लोकांना थेंब लागतच नव्हते, दुसऱ्यात फक्त 21 टक्क्यांना. रोज वेळेवर, जन्मभर थेंब घालणं किती घरांत निभतं?

थेंबांनीही दाब आटोक्यात येत नसेल तर ट्रॅबेक्युलेक्टॉमी, म्हणजे पाण्याला नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया, हा जुना मार्ग आहे. हाँगकाँगच्या तज्ज्ञांनी अशा 50 डोळ्यांत तिची भिंग काढण्याशी तुलना केली. दोन वर्षांनी दाब जवळपास सारखाच उतरला होता. ट्रॅबेक्युलेक्टॉमीनंतर थेंब कमी लागले खरे, पण गुंतागुंत कितीतरी जास्त झाली आणि तिसऱ्या हिश्शाच्या डोळ्यांत पुढे मोतीबिंदू आला. दुसरीकडे, भिंग काढलेल्या 26 पैकी पाच डोळ्यांना नंतर ट्रॅबेक्युलेक्टॉमी करावीच लागली. नस खूप खराब झालेली असेल तर ट्रॅबेक्युलेक्टॉमीचा विचार आधी व्हावा; तसे रुग्ण 'ईगल'मध्ये नव्हतेच. शिवाय आखूड, उथळ डोळ्यातलं भिंग काढणं नेहमीच्या मोतीबिंदूपेक्षा अवघड असतं, सराईत हातच हवा.

कोन नुसता अरुंद आहे, दाब आणि नस दोन्ही ठीक आहेत, त्यांनी मात्र घाई करू नये. ग्वांगझूमध्ये अशा 889 जणांच्या एकाच डोळ्याला लेसर दिलं. सहा वर्षांत लेसर दिलेल्या 19 आणि न दिलेल्या 36 डोळ्यांत आजार पुढे सरकला. एवढ्या कमी जोखमीसाठी भिंगाला हात लावण्याचं कारण मला दिसत नाही. वेळच्या वेळी तपासणी पुरे.