पहिले पिस्तूल घेण्याआधी

१६ जानेवारी २०२५ रोजी बिदरमध्ये स्टेट बँकेच्या शाखेसमोर एटीएमची रोकड नेणाऱ्यांवर भर दिवसा गोळीबार झाला. एकाचा जीव गेला. अशा वेळी आपल्या व्यापारी घरांत ‘परवडेल असे एखादे पिस्तूल घ्यावे का?’ हा प्रश्न निघणे साहजिक आहे.

बंदी असलेल्या बोअरमधले ९ एमएम सामान्य नागरिकाला मिळत नाही. परवान्यावर .३२ बोअर मिळते: ईशापूरच्या कारखान्याचे सेमी-ऑटोमॅटिक ‘अशनी’ किंवा कानपूरचे रिव्हॉल्व्हर. पिस्तुलाचे मॅगझिन काढले तरी एक गोळी नळीमागे राहू शकते आणि नवख्याचा घात तिथेच होतो. त्यामानाने रिव्हॉल्व्हर उघडले की सगळ्या गोळ्या दिसतात.

आपली खरी अडचण सीमेची आहे. कर्नाटकापुरता परवाना महाराष्ट्रात चालत नाही. भालकीहून उदगीरला सोयऱ्यांकडे निघालात आणि शस्त्र कमरेला असेल, तर सीमा ओलांडताच गुन्हा होतो. लग्नात बेपर्वा गोळीबार केल्यास २०१९च्या दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. स्वस्तातला गावठी कट्टा तर घेऊच नये. विनापरवाना शस्त्राला २ ते ५ वर्षे कैद आहे.

बिदरचा हल्ला अचानक झाला. तशा क्षणी कमरेचे पिस्तूल हातात येईलच असे नाही. रोकड रोजच्या रोज बँकेत भरणे, ने-आणीची वेळ बदलणे, सोबत माणूस ठेवणे हे उपाय स्वस्त आहेत. आधी ते करावेत. मग परवान्याचा विचार घरच्यांना विचारून करावा.