भिंतीवर टॅब्लेट, भिंतीत ठणठण गोपाळ

मांजरीत सध्या दोन गोष्टी जोरात विकल्या जातात: टँकरचं पाणी आणि स्मार्ट होम. त्यातला टँकरवाला निदान सरळ माणूस आहे. सांगतो तितकं पाणी साधारण टाकीत ओततो आणि पुढच्या सोसायटीकडे जातो. स्मार्ट होमवाल्याचं तसं नाही. सोलापूर रोडवरून आत वळलं की होर्डिंगं सुरू होतात. चित्रात हमखास एक भिंत, भिंतीवर चकचकीत टॅब्लेट, टॅब्लेटवर बोट टेकवून हसणारं एक जोडपं. त्या भिंतीच्या आत काय आहे ते होर्डिंगवर लिहिलेलं नसतं. मी सांगतो. बहुतेक वेळा काहीच नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की घर स्मार्ट करायचे पैसे आधी भिंतीच्या आत घालायचे असतात. बिल्डर ते भिंतीच्या बाहेर घालतो, कारण फोटो बाहेरच्या भिंतीचा निघतो. जो टॅब्लेट चार-पाच वर्षांत भंगारात जाणार, तो आपण वीस वर्षांच्या होम लोनमध्ये धरून विकत घेतो. ज्या पाइप आणि केबल इमारतीइतक्याच टिकल्या असत्या, त्या टाकायला मात्र कुणालाच आठवत नाही.

आता कुणी म्हणेल, याला टेक्नॉलॉजीचं वावडं दिसतंय. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. तुमच्या बल्बमागे ज्या जातीचा कोड चालतो त्याच जातीचा कोड मी रोज ऑफिसात लिहितो, म्हणून त्याच्या भरवशावर आजीला अंधारात बाथरूमला पाठवायची माझी तयारी नाही.

भिंतीपासूनच सुरुवात करू. पुण्यातले बरेच नवे टॉवर आता मायव्हान पद्धतीने बांधले जातात. म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावायचे आणि भिंती, स्लॅब सगळं एकदमच काँक्रीटमध्ये ओतायचं. काम झटपट होतं, प्लास्टरचा खर्च वाचतो. पण अशा घरात विटेची भिंत जवळपास नसतेच. जुन्या फ्लॅटमध्ये नवी वायर हवी असली की इलेक्ट्रिशियन छिन्नी घेऊन यायचा, झिरी मारायचा, पाइप बसवून वरून सिमेंट लिंपायचा. मायव्हानच्या भिंतीला झिरी मारायची म्हणजे इमारतीचा भार पेलणाऱ्या काँक्रीटला हात घालायचा. सोसायटी ते करू देत नाही आणि द्यायलाही नको. थोडक्यात, काँक्रीट ओतण्याआधी जो पाइप सळयांना बांधला गेला नाही, तो त्या घराच्या आयुष्यात पुन्हा बसवता येत नाही. निर्णय एकदाच होतो, आणि तो होतो तेव्हा आपण बुकिंगची रक्कम भरून पझेशनची वाट बघत असतो.

तीच काँक्रीटची भिंत वायफायचीही वैरी आहे. सळया आणि काँक्रीट रेडिओ लहरी गिळतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जास्त गिळतात, २.४ च्या जरा कमी. स्वस्तातले स्मार्ट बल्ब आणि स्विच बहुतेक २.४ वरच चालतात, आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. मांजरीच्या रेल्वे फाटकावर ज्यांनी वर्षं काढली आहेत, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

आता सॅम्पल फ्लॅट आठवा. तिथे सगळं कसं लोण्यासारखं चालतं. टॅब्लेटवर बोट लावलं की पडदे सरकतात, दिवे मंद होतात, एसी सुरू होतो. चालणारच, कारण सॅम्पल फ्लॅटला शेजारी नसतात. पझेशननंतर वीस मजले, मजल्यावर सहा घरं, म्हणजे एकशेवीस राउटर त्याच तीन चॅनलवर एकमेकांच्या अंगावर ओरडू लागतात. मग "ऑफलाइन" असं लाल अक्षरांत दिसतं आणि सपोर्टवाला सांगतो, सर, राउटर रिस्टार्ट करून बघा.

राउटर असतो कुठे? मी पाहिलेल्या अनेक फ्लॅटमध्ये त्याची जागा दारामागच्या पत्र्याच्या पेटीत आहे. फायबर शाफ्टमधून तिथेच येते, म्हणून राउटरही तिथेच. पत्र्याची पेटी, पत्र्याचं झाकण. ज्या वस्तूचं काम घरभर लहरी पसरवणं, ती आपण लोखंडी डब्यात कोंडतो आणि मग बेडरूममध्ये रेंज नाही म्हणून कंपनीला शिव्या घालतो.

याला तोड काय हे बिल्डरला माहीत नाही असं मुळीच नाही. लिफ्टच्या लॉबीतल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याकडे वर मान करून बघा. त्याला व्यवस्थित केबल आलेली असते. बऱ्याचदा त्याच एका केबलमधून वीजही येते आणि डेटाही. याला पॉवर ओव्हर इथरनेट म्हणतात आणि त्याचं मानक २००३ सालचं आहे. मूळ मानकात एका केबलवरून पंधरा वॉटपर्यंत वीज देता येते, साध्या टॅब्लेटला तेवढी पुरते. मगरपट्ट्यातल्या नाहीतर खराडीतल्या आपल्या ऑफिसात छतावर जे पांढरे वायफायचे डबे दिसतात, तेही असेच जोडलेले असतात. म्हणजे कामाच्या जागी तार, चोरावर नजर ठेवायला तार, आणि ज्या घरासाठी आपण पगारातला मोठा तुकडा दर महिन्याला बँकेला देतो तिथे हवेवर भरवसा.

खर्चाचं कारण सांगितलं जातं. जरा हिशेब करू. टू-बीएचकेमध्ये हॉल, दोन बेडरूम, टीव्ही आणि टॅब्लेटची जागा धरून पाच पॉइंट. पत्र्याच्या पेटीपासून प्रत्येकाला सरासरी पंधरा मीटर धरले तर पंचाहत्तर मीटर केबल. कॅट-सिक्सचा एक बॉक्स ३०५ मीटरचा येतो. म्हणजे एका बॉक्सात चार फ्लॅट उरकतात. केबल मात्र अस्सल तांब्याची हवी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली बाजारात सर्रास मिळते आणि ती असल्या कामाला कुचकामी. हा सगळा खर्च त्या टॅब्लेटच्या किमतीपुढे किरकोळ आहे. बिल्डरला केबल नको असेल तर नुसता रिकामा पाइप टाकावा आणि आत ओढायची दोरी सोडावी, केबल आम्ही आमच्या पैशाने ओढू. तेवढंही होत नाही.

"मेश वायफाय घ्या की, तारांची भानगड कशाला?" हा सल्ला मला दर महिन्याला कुणीतरी देतं. मेशचे डबे एकमेकांशी हवेतूनच बोलतात, मध्ये तीच काँक्रीटची भिंत असते आणि बाहेर तेच शेजारी असतात. दोन डब्यांमध्ये केबल टाकली की मेश उत्तम चालतं. फिरून आपण केबलपाशीच येतो.

विजेचीही तीच कथा. ३० जून २०२१ ला मांजरी बुद्रुकसह तेवीस गावं पुणे महापालिकेत आली. पत्ता शहरातला झाला. गुरुवारच्या दुरुस्तीची वीज मात्र जाते तशी जातेच. सोसायटीचं जनरेटर सुरू होईपर्यंत जो मिनिटभर जातो, तेवढ्यात राउटर बंद पडतो आणि पुन्हा उभा राहायला आणखी काही मिनिटं घेतो. तेवढा वेळ स्मार्ट होम बेशुद्ध. राउटर आणि फायबरचा डबा यांना पुरेल असा बारा व्होल्टचा छोटा यूपीएस साध्या दुकानात मिळतो. एकाही ब्रोशरमध्ये मी तो पाहिलेला नाही. त्यात स्मार्ट बल्बची आणखी एक खोड आहे. बरेच बल्ब, सेटिंग बदललं नसेल तर, गेलेली वीज परत आली की पूर्ण उजेडाने पेटतात. रात्री तीन वाजता वीज येते आणि तान्ह्या बाळासकट सगळं घर जागं होतं.

आता त्या टॅब्लेटकडे येऊ. तो मुळात हातात धरायला बनवलेला असतो, म्हणून त्यात लिथियमची बॅटरी असते. ती बॅटरी वर्षानुवर्षं चोवीस तास शंभर टक्क्यांवर चार्जिंगला ठेवली की खराब होते, कधी फुगते आणि स्क्रीन चौकटीतून वर उचलू लागते. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय करता येते, पण बसवून देणारा ती करून जात नाही. अँड्रॉइडचे अपडेट काही वर्षांत थांबतात, मग अ‍ॅप म्हणतं, तुमचं डिव्हाइस आता चालणार नाही. भिंतीत त्याच मापाचा खळगा उरतो. त्यात नवा टॅब्लेट बसत नाही, आणि मायव्हानची भिंत असल्याने खळगा मोठाही करता येत नाही. देव्हाऱ्याला मात्र ती जागा छान पुरते.

याहून मोठा प्रश्न आहे दिव्याची दोरी कुणाच्या हातात, हा. हॉलमधल्या टॅब्लेटवरून हॉलमधलाच दिवा लावताना तुमचा हुकूम अनेकदा समुद्रापार कुठल्यातरी सर्व्हरवर जाऊन परत येतो. तो सर्व्हर बंद पडला तर? २० ऑक्टोबर २०२५ ला, आपल्याकडे नरक चतुर्दशीची दुपार असताना, अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या डेटा सेंटरमध्ये बिघाड झाला आणि अ‍ॅलेक्सा, रिंगसारख्या सेवा अनेक ठिकाणी मुक्या झाल्या. अमेरिकेत इंटरनेटला जोडलेल्या काही गाद्या गरम होऊन तशाच अडकल्या. हा बिघाड तरी एका दिवसात निस्तरला. रिव्हॉल्व्ह नावाचा तीनशे डॉलरचा हब होता. ती कंपनी गूगलच्या नेस्टने घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हरच बंद केला. लोकांच्या घरातला चांगला चालता डबा वीट झाला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर एके दिवशी न सांगता गेले. आमच्या धंद्यात याला "सनसेट" म्हणतात. मीटिंगमध्ये एक्सेल उघडतं, किती लोक वापरतात आणि सर्व्हरचं बिल किती हे दोन रकाने बघतात आणि तारीख ठरते. त्या एक्सेलमध्ये तुमच्या आजीचा रकाना नसतो.

आणि घर काही एकट्या इंजिनिअरचं नसतं. सकाळी येणाऱ्या मावशींच्या फोनमध्ये तुमचं अ‍ॅप नाही. गावाहून आलेल्या आईवडलांना पासवर्ड आठवत नाही आणि "लिव्हिंग रूम सीन टू" म्हणजे काय ते त्यांनी का शिकावं? घरातल्या सूनबाई-मुलांनी दिवा लावायलाही ज्याच्या फोनवर सगळं सेट आहे त्याला ऑफिसात फोन करावा, ही कसली सोय? भिंतीवरचा साधा स्विच लोकशाहीवादी असतो, कुणालाही लॉगिन विचारत नाही. म्हणून स्मार्ट रिले असा हवा जो त्या साध्या स्विचच्या मागे बसतो. नेट असो नसो, बटण दाबलं की दिवा लागतो. त्यासाठी बोर्डात न्यूट्रलची वायर लागते आणि जिथे नुसते स्विच आहेत, सॉकेट नाही, अशा बोर्डात ती अनेकदा आणलेलीच नसते. पुन्हा वायर, पुन्हा तीच विसरलेली भिंत.

घरातल्या घरात चालणाऱ्या यंत्रणा आहेत. होम असिस्टंट हे मुक्त सॉफ्टवेअर २०१३ पासून आहे, तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवर चालतं, बाहेरचं इंटरनेट गेलं तरी दिवे, पंखे, पडदे ऐकतात. मग भिंतीवर टॅब्लेट लावा, जरूर लावा. माझं भांडण टॅब्लेटशी नाहीच. केबलवर चालणारा, घरातल्याच डब्याशी बोलणारा आणि काढून टाकला तरी घर न अडणारा टॅब्लेट मजेची वस्तू आहे.

आज जिथे हे टॉवर उभे आहेत तिथे ऊस आणि द्राक्षं होती. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि द्राक्ष संशोधन केंद्र अजूनही इथेच आहेत. त्या शेतकऱ्याला हे सांगावं लागलं नसतं. आधी पाण्याचा पाट, मग लागवड, गेटवरची पाटी सगळ्यात शेवटी. आपण आधी पाटी विकत घेतो.

कायदा अगदीच झोपलेला नाही. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या दाव्याबद्दल भरपाई मागता येते. कलम १४(३) प्रमाणे पझेशननंतर पाच वर्षांत कामातला किंवा करारात कबूल केलेल्या सुविधेतला दोष दाखवला तर बिल्डरने तो स्वखर्चाने तीस दिवसांत दुरुस्त करायचा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी स्टार देण्याचे नियमही आणले, पण ते ऐच्छिक आहेत. मेख अशी की करारात नुसतं "स्मार्ट होम रेडी" लिहिलेलं असतं, आणि एवढ्या मोघम शब्दांवर कुणाला कोर्टात उभं करणार?

म्हणून सही करण्याआधी करारात हे लिहून घ्या: प्रत्येक खोलीत पाइपासह तांब्याची कॅट-सिक्स केबल, प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल, राउटरला पत्र्याच्या पेटीबाहेर जागा आणि यूपीएसचा पॉइंट, आणि इंटरनेट नसताना सगळे दिवे भिंतीवरच्या बटणाने चालण्याची हमी. एकट्याने मागितलं तर सेल्सचा मुलगा हसेल. बुकिंग केलेल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतोच. तिथे टाइल्सच्या रंगावर चारशे मेसेज पडतात, त्यातले चाळीस पाइपांवर पडू द्या. आणि हे काँक्रीट ओतण्याआधी व्हायला हवं.

सॅम्पल फ्लॅट बघायला गेलात तर सोफ्यावर बसून कॉफी पिऊ नका. त्या मुलाला सांगा, दारामागची पेटी उघड, फायबरची पिन काढ आणि आता टॅब्लेटवरून दिवा लावून दाखव. लागला तर पुढचं बोलू.