रोहिणीचे दोन काठ



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जांब नदीवर काय चालते, हे तिगावाकडील वाचकांस आम्ही सांगावयास नको. पात्राच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि एका काठावरून पांढुर्णेकर व दुसऱ्या काठावरून सावरगावकर परस्परांवर गोटे फेकतात. ह्या गोटमारीत माणसे दगावलीही आहेत. गौतम बुद्धाच्या चरित्रातही अशीच एक नदी आहे आणि तिच्या दोन काठांवर भांडणारे सोयरे आहेत.

पुष्कळांस ठाऊक असलेली कथा मात्र निराळी. सिद्धार्थ राजपुत्र रथातून फिरावयास निघतो. म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून त्याचे मन विटते, आणि मध्यरात्री निजलेल्या पत्नीस व बाळास सोडून तो निघून जातो. कथा हृदयंगम खरी. ती देशोदेशी फिरत युरोपात पोचली आणि तिचा नायक ‘योसाफात’ ह्या नावाने सोळाव्या शतकात रोमच्या संतनामावलीत जाऊन बसला! हे ‘बोधिसत्त्व’ शब्दाचेच रूप, असे विद्वानांनी पुढे दाखवून दिले.

परंतु एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे आम्हांस पटत नाही. प्राचीन सुत्तांत ही कथा गौतमाविषयी नाहीच, असे धर्मानंद कोसंबी यांनी 1940-41 साली निघालेल्या आपल्या ‘भगवान बुद्ध’ ह्या ग्रंथात मांडले. कोसंबी गोव्यातील साखवाळचे, जन्म 1876 चा. पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून 1899 साली ते विद्येसाठी बाहेर पडले. काशी व नेपाळ करीत पुढे सिंहलद्वीपास गेले आणि तेथे पाली ग्रंथ मुळातून वाचले. त्यांतील अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वमुखाने सांगतो, की आपण तरुण होतो, आईबाप आसवे गाळीत होते, तरी आपण मुंडन करून काषाय वस्त्रे घेतली. (जन्मदात्री माया तर सातव्या दिवशीच निवर्तली होती, ही आई म्हणजे सांभाळणारी मावशी गोतमी असावी.) तेव्हा हे रात्रीचे पलायन नव्हे. रडणाऱ्यांच्या देखत तो निघाला.

कशासाठी? शाक्य व कोलिय ह्यांच्यामधून रोहिणी वाहत असे. परंपरेप्रमाणे मायादेवी कोलियांचीच लेक. पाणी आटले की दोन्हीकडच्या पिकांस ते पुरेना. आधी मजुरांची बाचाबाची, मग कुळांवरून शिव्या, मग शस्त्रे. हे भांडण बुद्धत्वानंतरचे, आणि पाण्याचे मोल अधिक की माणसांच्या रक्ताचे, असे विचारून बुद्धाने ते मिटविले, असे जुने टीकाकार सांगतात. पण अत्तदंड सुत्तात बुद्ध आपल्या वैराग्याचे कारण सांगतो, ते शस्त्रधारी माणसांचे कलह पाहून आलेल्या भयाचे. कोसंबींनी त्याचा संबंध ह्या शाक्य-कोलियांच्या झगड्याशी जोडला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास लाखोंसह दीक्षा घेणारे डॉ. आंबेडकर यांनीही, मृत्यूनंतर 1957 साली निघालेल्या आपल्या ग्रंथात, रोहिणीचे पाणी हेच गृहत्यागाचे निमित्त मानले. शेजारच्या बौद्ध घरांत चरित्र ऐकावयास मिळेल ते बहुधा असेच.

पुढचे बहुतेकांस ठाऊक आहे: सहा वर्षांची उग्र तपश्चर्या, तिचा त्याग, गयेजवळ पिंपळाखाली बोध, आणि ऐंशीव्या वर्षी कुशिनारा येथे देहान्त होईपर्यंत पंचेचाळीस वर्षांची पायपीट. आमचे मन मात्र घरी राहिलेल्यांपाशी रेंगाळते. बुद्ध कपिलवस्तूस परतला तेव्हा राहुलाच्या आईने मुलास पित्याकडे वारसा मागावयास धाडले. वारसा म्हणून त्यास प्रव्रज्याच मिळाली. मुलगा गेला, आता नातूही गेला! वृद्ध शुद्धोदनाने पुत्रापुढे येऊन सांगितले, की हे दुःख कातडी व मांस भेदून हाडांपर्यंत जाते. ह्यापुढे आईबापांच्या अनुमतीवाचून कोणाच्या मुलास घेऊ नये. ज्या घरांनी मुलगा सेमिनरीत वा मुलगी कॉन्व्हेंटात धाडली, त्यांस हे गाऱ्हाणे समजावून सांगावे लागणार नाही. बुद्धाने ते मान्य करून तसा नियम घातला. आजही भिक्षू होऊ इच्छिणाऱ्यास संघापुढे विचारतात, ‘आईबापांची अनुमती आहे ना?’