कापूस इथला, झेंडा पॉलिएस्टरचा

ऑगस्ट लागला की जळकोटच्या बाजारात झेंडे येतात. चकचकीत, हलके, चार घड्या घातल्या की खिशात मावणारे. हात लावताच कळतं, पॉलिएस्टर आहे. आणि शेजारच्या उदगीरला खादीच्या केंद्रात हातमागावर तिरंग्याचं कापड विणलं जातं! ते रंगायला अहमदाबादला जातं, परत आलं की नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्यावर अशोकचक्र छापतात, शिलाई करतात.

३० डिसेंबर २०२१ पर्यंत कापडाचा झेंडा हातकताईच्या, हातविणीच्या खादीचाच असावा, असा ध्वजसंहितेचा दंडक होता. त्या दिवशी दुरुस्ती झाली. यंत्रावरचं कापड चालू लागलं, पॉलिएस्टरही चालू लागलं. पुढच्याच वर्षी ‘हर घर तिरंगा’ आलं. घरोघरी झेंडा लागला याचं वाईट कुणाला वाटेल? तेवढे झेंडे, तेही त्या किमतीत, हातमागाने दिले नसते, हेही खरं. मला खटकतं ते वेगळंच. तीनास दोन हे प्रमाण कायम राहिलं, चक्राचे २४ आरे कायम राहिले, रंग कायम राहिले. धागा तेवढा बदलला, जणू तो झेंड्याच्या रचनेत कधी नव्हताच.

कपड्यांवर दर आठवड्याला लिहितो, म्हणून यामागचं तंत्र सांगतो. हल्ली नक्षी आधी कागदावर छापतात. तो कागद कापडावर ठेवून साधारण दोनशे अंश उष्णतेत दाबला की रंगाची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. रंग चार असोत की चाळीस, मेहनत तेवढीच. पण हा रंग पॉलिएस्टरमध्येच मुरतो, सुती कापडावर टिकत नाही. म्हणजे छपाईची रीत ठरली की धागाही ठरला. पैठणीचा मोर छापलेली स्वस्त साडी याच वाटेने आपल्याकडे आली. पैठणीचा विणकर मोराचा एकेक रंग हाताने गुंतवत जातो. इथे मोर म्हणजे एक फोटो. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने ‘नांदेड-४४’ हे वाण दिलं, आपल्या शेतकऱ्यांनी ते वर्षानुवर्षं लावलं. त्याच मुलखात अंगावरचं कापड आता खनिज तेलातून येतं.

यावर कुणी म्हणेल, खादीवाले यंत्राचे वैरीच. तसं नाही. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्या काळचे लाख! अटी वाचण्यासारख्या आहेत: झोपडीत चालावा, बाईला फार दम न लागता आठ तास कातता यावं, तेवढ्या वेळात १६,००० फूट सूत निघावं, किंमत दीडशे रुपयांच्या आत, आणि वीस वर्षं टिकावा. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातूनही एक यंत्र गेलं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पुढे अंबर चरखा आला, एकाऐवजी अनेक चात्या एकदम फिरू लागल्या. खादी तीच राहिली, कारण यंत्र कितीही सुधारलं तरी ते कातणारीच्या घरात मावलं पाहिजे आणि मजुरी तिच्या हातात पडली पाहिजे, ही अट सुटली नव्हती. कागदाच्या छपाईत अशी अट कुणी घातलीच नाही.

मराठवाड्यात तर तिरंग्याची किंमत वेगळीच. १५ ऑगस्ट १९४७ ला इकडे निजामाचं राज्य होतं. तिरंगा लावणं हा गुन्हा होता, निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. निजामाचं राज्य संपून इथे तो उघडपणे फडकायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला.

तेव्हा घरावर कुठला झेंडा लावायचा ते ज्याचं त्याने ठरवावं, त्यात सरकारने पडू नये. सरकारच्या पैशाने येणारा झेंडा मात्र खादीचाच असावा. तहसील, पंचायत समिती, जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामपंचायती, एवढ्यांनी जरी उदगीर-नांदेडकडून घेतला तरी मागांना वर्षभर काम राहील. आणि मागणी जुलैत नोंदवून चालायचं नाही. सूत निघायला, कापड विणायला, अहमदाबादहून परत यायला महिने लागतात. ऑगस्टच्या झेंड्याचं पत्र शिमग्यालाच गेलं पाहिजे.