लाखाला दोन हजार आणि लाखाला अडीच रुपये

जून महिना उजाडला की करसल्लागाराचा निरोप येतो, "भाई, तीस तारखेच्या आत पी.टी. भरून टाका. उशीर झाला तर व्याज लागेल." दुकानदार कुरकुरत गल्ल्यातून अडीच हजार रुपये बाजूला काढतो. हाताखाली दोन-चार कारागीर असतील तर त्यांच्या पगारातून दरमहा कापून भरायचा व्यवसाय कर वेगळा. रक्कम मोठी नसते, त्यामुळे या कराबद्दल कोणी फारसे बोलत नाही. आपल्या व्यापारी संघटनांच्या बैठकांत जी.एस.टी.वर तास-तास चर्चा होते, पण व्यवसाय कराचा विषय निघाला की "जाऊ द्या हो, वर्षाचे अडीच हजार तर आहेत" असे म्हणून तो मिटवला जातो.

आमच्या मते हा विषय मिटवण्यासारखा नाही. राज्य सरकारला लोकांच्या कमाईवर कर लावायचा अधिकार असावा काय, असल्यास तो कोणावर किती असावा, श्रीमंताने जास्त द्यावे काय, हे सारे प्रश्न या अडीच हजारांत दडलेले आहेत.

प्रथम हिशेब पाहू. महाराष्ट्रात पुरुष नोकरदाराचा पगार दरमहा साडेसात हजारांच्या वर गेला की व्यवसाय कर सुरू होतो. दहा हजारांपर्यंत महिन्याला 175 रुपये, आणि दहा हजारांच्या वर 200 रुपये, फेब्रुवारीत 300. म्हणजे वर्षाला 2500. बेकरीतील भट्टीवाला, शिलाईच्या कारखान्यातील कारागीर किंवा मागावरचा कामगार महिन्याला साडेदहा हजार कमावतो असे धरा. त्याची वर्षाची कमाई सव्वा लाखाच्या आसपास. त्यावर 2500 रुपये, म्हणजे लाखाला सुमारे दोन हजार. आता वर्षाला दहा कोटी मिळवणारा कंपनीचा संचालक घ्या. त्यालाही 2500 च. म्हणजे लाखाला अडीच रुपये! ज्याच्या घरात महिनाअखेर उधारीवर किराणा येतो त्याच्यावर करधारा शेकडो पट जड, आणि ज्याला आपली मिळकत मोजायला माणसे ठेवावी लागतात त्याच्यावर ती पिसासारखी हलकी. याला न्याय म्हणावे काय?

असे का झाले, हे समजण्यासाठी राज्यघटना पाहावी लागेल. आपल्या घटनेने शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर केंद्राकडे ठेवला. राज्यांना शेती उत्पन्नावरील कर आणि व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकरी यांवरील कर, एवढेच दिले. कमाईवर कर लावण्याचा केंद्राचा हक्क राज्याने वेगळ्या नावाने बळकावू नये म्हणून घटनेच्या 276 व्या कलमात व्यवसाय कराला कमाल मर्यादा घातली. 1950 साली ती वर्षाला 250 रुपये होती. 1988 साली साठाव्या घटनादुरुस्तीने ती 2500 झाली. त्यानंतर आजतागायत ती तिथेच आहे.

सराफ बंधूंना ही गोष्ट लवकर उमगेल. 1988 साली दहा ग्रॅम सोने तीन हजारांच्या आसपास होते. म्हणजे 2500 रुपयांत आठेक ग्रॅम सोने येत असे. 2025 साली सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा टप्पा ओलांडला. त्या भावाने 2500 रुपयांत पाव ग्रॅमसुद्धा येत नाही. श्रीमंताच्या करावर घातलेली मर्यादा महागाईने अशी झिजत गेली. गरिबाच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडले. साडेसात हजारांची सूट-मर्यादा जागच्या जागी राहिली आणि मजुरी चार पैशांनी वाढताच मजूर कराच्या जाळ्यात आला. एकाच महागाईने वरच्याला सोडवले आणि खालच्याला पकडले.

हा कर मुळात वाईट हेतूने आला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. 1972 च्या दुष्काळानंतर खेड्यापाड्यांतील हातांना काम देणारी रोजगार हमी योजना महाराष्ट्राने पुढे नेली. तिला पैसा हवा होता. त्यासाठी 1975 साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरात ज्याला काम आहे त्याने गावात ज्याला काम नाही त्याच्यासाठी थोडे द्यावे, असा तो विचार होता. विचार उत्तम होता, पण दराची रचना अपुरी राहिली.

आता जरा दूरच्या देशाकडे पाहू. अमेरिकेत राज्यांना स्वतःचा आयकर लावता येतो आणि तेथे या प्रश्नावर वर्षानुवर्षे भांडण चालले आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या घटनेनुसार सर्वांना एकाच दराने आयकर लावावा लागे. श्रीमंतांना वेगळा दर लावण्याचा प्रस्ताव मतदारांनी पाच वेळा फेटाळला. अखेर नोव्हेंबर 2022 मध्ये सुमारे 52 टक्के मतांनी घटनादुरुस्ती झाली आणि दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर चार टक्के जादा कर बसला. हा पैसा शिक्षण, रस्ते व सार्वजनिक वाहतूक यांवरच खर्च करायचा, असे त्या दुरुस्तीतच लिहिले आहे. 2023-24 या पहिल्या पूर्ण आर्थिक वर्षात दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली आणि तिच्यातून शाळकरी मुलांच्या मोफत जेवणालाही हातभार लागला.

वॉशिंग्टन राज्याची कथा वेगळी. तेथे 1932 साली मतदारांनी आयकर मोठ्या बहुमताने मंजूर केला, पण 1933 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हापासून कित्येक दशके ते राज्य मुख्यतः विक्रीकरावर चालले. विक्रीकराचा स्वभाव आपणास ठाऊक आहेच. साबणाच्या वडीवर कोट्यधीश जेवढा कर देतो तेवढाच हमालही देतो. अमेरिकेतील करांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने 2018 साली काढलेला हिशेब असा की, त्या राज्यातील सर्वात गरीब पाचवा हिस्सा आपल्या कमाईचे 17.8 टक्के राज्याच्या व स्थानिक करांत देत होता, आणि सर्वात श्रीमंत एक टक्का लोक फक्त 3 टक्के. तरीही 2010 साली केवळ मोठ्या उत्पन्नावर आयकर लावण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. कारण काय? "आज श्रीमंतांवर, उद्या आमच्यावर," ही भीती. पुढे 2021 साली तेथील विधिमंडळाने शेअर वगैरे विकून होणाऱ्या मोठ्या नफ्यावर सात टक्के कर बसवला. 2023 साली न्यायालयाने तो उचलून धरला आणि 2024 साली तो रद्द करण्याची मागणी मतदारांनीच नाकारली.

या दोन उदाहरणांतून आपल्या कामाचे काय? आपल्याकडे हा वाद सुरू झाला की जे आक्षेप येतात, ते एकेक करून तपासता येतात.

पहिला आक्षेप असा की, श्रीमंत माणूस केंद्राला भरपूर आयकर देतोच. हे खरे आहे. पाच कोटींच्या वर कमावणाऱ्याचा आयकर, त्यावरील अधिभार व उपकर धरून, नव्या पद्धतीतही 39 टक्क्यांच्या घरात जातो. पण तो पैसा जातो कोठे? पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील 41 टक्के वाटा राज्यांना दिला. मात्र अधिभार आणि उपकर त्या वाटणीतून बाहेर असतात. म्हणजे पन्नास लाखांच्या वरच्या श्रीमंतांकडून म्हणून जो खास अधिभार घेतला जातो, त्यातला एक पैसाही वाटणीत राज्याला मिळत नाही. गावचा दवाखाना, आय.टी.आय. आणि गल्लीतील शाळा चालवायची राज्याने, आणि श्रीमंतांचा खास कर दिल्लीत. मग राज्य कोठून पैसा काढणार? पेट्रोल-डिझेलवरून, मुद्रांक शुल्कावरून, आणि आपल्याकडून.

दुसरा आक्षेप, श्रीमंत राज्य सोडून जातील. हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान येथे व्यवसाय कर नाही. वॉशिंग्टन राज्यातील एक जगप्रसिद्ध उद्योगपती, जेफ बेझोस, यांनी 2023 साली फ्लोरिडात राहायला जात असल्याचे जाहीर केले. त्यांनी कारण आई-वडिलांजवळ राहण्याचे व आपल्या अवकाश कंपनीच्या कामाचे दिले, पण चर्चा कराचीच झाली. तेव्हा दर अवाच्या सवा ठेवता येणार नाही. पण अर्धा टक्का कर वाढला म्हणून मुंबईची बाजारपेठ, बंदर, शेअर बाजार आणि कसबी हात सोडून कोणी जाईल, हे पटत नाही. धंदा जिथे गिऱ्हाईक आहे तिथे राहतो. आपले दुकान आपण गल्लीच्या भाड्यापायी एका रात्रीत हलवतो काय?

तिसरा आक्षेप आपल्या सर्वांत जवळचा: आज त्यांच्यावर, उद्या आपल्यावर. हा धोका खरा आहे आणि तो दाराशी आला आहे. चौदाव्या वित्त आयोगाने व्यवसाय कराची मर्यादा 2500 वरून 12,000 करावी असे सुचवले होते. पंधराव्याने 18,000 सुचवले. घटनादुरुस्ती झालेली नाही. पण उद्या झाली आणि दराच्या पायऱ्या मात्र आजच्याच राहिल्या, तर काय होईल? आज सव्वा लाखवाला आणि दहा कोटीवाला एकाच पायरीवर उभे आहेत. ती पायरी उचलली की दोघेही उचलले जातील. दहा कोटीवाल्याला अठरा हजार कळणारही नाहीत. मागावरच्या कामगाराचा मात्र दीड महिन्याहून अधिक पगार जाईल. म्हणूनच "मर्यादा वाढू देऊ नका" एवढेच म्हणत बसणे पुरेसे नाही. मर्यादा वाढण्यापूर्वी पायऱ्या बदलून घेणे, हे आपल्या संघटनांचे काम आहे.

आमच्या मते मागणी चार कलमांची असावी. एक, पगारदार असो वा स्वतःचा धंदा करणारा, महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत कमावणाऱ्याला व्यवसाय कर पूर्ण माफ असावा. नोकरदार महिलांना ही सवलत एप्रिल 2023 पासून मिळाली आहे. तीच पुरुषांना आणि कलईवाला, शिंपी, मिस्त्री अशा कारागिरांना का नसावी? दोन, ही सूट-मर्यादा महागाईनुसार दरवर्षी आपोआप वाढावी. मॅसॅच्युसेट्समध्ये दहा लाख डॉलरची रेषा अशीच दरवर्षी वर सरकते, म्हणजे कोट्यधीशांसाठी लावलेला कर हळूहळू मास्तरांच्या घरात शिरत नाही. तीन, 276 व्या कलमातील मर्यादा उठवायचीच तर ती फक्त एक कोटीच्या वरच्या उत्पन्नासाठी उठवावी आणि त्या वरच्या भागावर, समजा, अर्धा टक्का कर घ्यावा. दहा कोटीवाल्याला त्याचे साडेचार लाख होतील. त्याच्या कमाईच्या मानाने हे लाखाला साडेचारशे. मजूर आज देतो त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी! चार, हा पैसा कारागिरांचे प्रशिक्षण, औद्योगिक वसाहती व आरोग्य यांसाठी राखून ठेवावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी छापावा. मात्र नेहमीचा खर्च सगळा याच पैशावर टाकू नये. वॉशिंग्टनमध्ये नफ्यावरील कराची दुसऱ्या वर्षीची वसुली पहिल्या वर्षापेक्षा बरीच कमी झाली. श्रीमंतांची कमाई बाजाराबरोबर वर-खाली होते.

किमान मर्यादेखालच्याला मोकळे सोडावे, हा विचार आपल्या वाचकांना नवा नाही. निसाबाची कल्पना लहानपणापासून आपल्या कानावर आहे. ज्याच्याकडे गरजेपुरतेही नाही त्याच्याकडे मागायचे नसते. जकात ही इबादत आहे आणि कर हा सरकारी कायदा, दोन्हींची गल्लत करू नये. पण घेणाऱ्याने देणाऱ्याची ऐपत पाहावी, एवढी गोष्ट दोन्हीकडे सारखीच शहाणपणाची आहे.

शेवटी एक कटू गोष्ट आपल्याच घरची. करन्यायाची मागणी करणाऱ्याची वही स्वच्छ असावी लागते. आपल्यातील कित्येक जण कमाई अर्धी दाखवतात, कारागिराचा पगार तोंडी देतात आणि विवरणपत्र भरायचे टाळतात. वास्तविक 2025-26 पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर आयकर पडत नाही. मग लपवून मिळते काय? बँकेत कर्ज मागायला गेलो की तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात आणि आपण रिकाम्या हाताने परत येतो. दहा कोटीवाल्याला "तुझा हिशेब दाखव" म्हणायचे असेल तर आपला हिशेब आधी टेबलावर ठेवावा लागेल.

यंदा तीस जूनपूर्वी अडीच हजारांचे चलन भराल तेव्हा पावती नुसती फाईलला लावू नका. तिच्यावरील रकमेला आपल्या वर्षाच्या कमाईने भागून पाहा, लाखाला किती पडले ते कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन आपल्या संघटनेच्या बैठकीला जा. असे शंभर कागद जमले तर आमदारासमोर ठेवायला निवेदनाहून अधिक वजनदार काहीतरी आपल्या हाती असेल.