विमानातल्या सहा तबकड्या

विमान कुठं तयार होतं असं कुणी विचारलं, तर तुम्ही पटकन म्हणाल, "मोठ्या कारखान्यात!" बरोबरच आहे. पण मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात एक विमान चक्क इमारतीच्या गच्चीवर तयार झालं. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकानं घरच्यांची आणि मित्रांची मदत घेऊन ते बांधलं. एका इंजिनाचं, सहा जण बसतील एवढं. नाव टीएसी-००३. त्यातला तीन म्हणजे हा त्यांचा तिसरा प्रयत्न. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली आणि २०१९ साली त्याला उडण्याची परवानगी मिळाली.

असं घरी बांधलेलं विमान पाहायला गेलं की आपली नजर आधी पंखांवर जाते, मग इंजिनावर. पण बांधणाऱ्याला फार विचार करायला लावणारी एक जागा आत असते, वैमानिकाच्या अगदी नाकासमोर. ती म्हणजे तबकड्यांची पाटी, म्हणजेच पॅनेल. जगात हजारो हौशी लोक घरी विमानं बांधतात. त्यातल्या कित्येकांना पुढं वाटतं, "हे जुनं पॅनेल बदलावं. ही तबकडी तिकडं न्यावी, तिथं नवीन पडदा बसवावा." विमान तर आपलंच! मग बदलायला काय हरकत आहे? आज तेच बघू या.

तीन वाऱ्यावर, तीन भोवऱ्यावर

छोट्या विमानात मुख्य तबकड्या सहा असतात. त्यातल्या तीन चालतात हवेच्या दाबावर. पहिली वेग सांगते. विमानाच्या बाहेर वाऱ्याकडं तोंड करून एक बारीक नळी असते, तिला पिटो नळी म्हणतात. समोरून घुसणारा वारा जितका जोराचा, तितका काटा पुढं जातो. दुसरी उंची सांगते. वेफर्सचं बंद पाकीट घेऊन महाबळेश्वरला गेलात, तर ते वर जाता जाता फुगतं, हो ना? उंचावर हवेचा दाब कमी असतो म्हणून. या तबकडीच्या पोटात पातळ पत्र्याची बंद डबी असते. तीही तशीच फुगते आणि काटा फिरवते. तिसरी तबकडी विमान किती वेगानं वर चढतंय किंवा खाली उतरतंय ते सांगते.

उरलेल्या तीन तबकड्यांत असतो भोवरा! आपल्या जाळीच्या भोवऱ्याचाच हा शहाणा भाऊ. जोरात फिरणारा भोवरा आपली दिशा सहजासहजी सोडत नाही. विमान कितीही कलंडलं तरी आतला भोवरा आपल्या जागी ठाम. त्याच्याकडं बघून विमान किती कललं ते कळतं. यातली सगळ्यात महत्त्वाची तबकडी म्हणजे कृत्रिम क्षितिज. वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन आणि मध्ये छोटंसं विमान. दुसरी दिशा दाखवते, तिसरी वळण.

कृत्रिम क्षितिज वरच्या ओळीत मधोमध असतं. त्याच्या डावीकडं वेग, उजवीकडं उंची आणि बरोबर खाली दिशा. जगभरच्या विमानांत ही मांडणी अशीच ठेवायची पद्धत आहे. वैमानिकाची नजर मधून डावीकडं, परत मध्ये, मग उजवीकडं, परत मध्ये अशी सारखी फिरत असते. स्वयंपाकघरात आईचा हात न बघता मिठाच्या बरणीवर जातो ना? तसंच हे. बरणीची जागा बदलली की भाजीत साखर पडायची!

कानातलं पाणी खोटं बोलतं

"पण खिडकीतून बाहेर दिसतंय की! मग तबकड्या कशाला?" असं तुम्ही विचाराल. दिवसा, स्वच्छ हवेत ठीक आहे. ढगात शिरलं किंवा रात्री समुद्रावर गेलं, की क्षितिजच नाहीसं होतं. मग आपल्याला तोल कळतो तो कानाच्या आतल्या द्रवामुळं. आणि हा द्रव फसवतो. विमान हळूहळू कललं तर त्याला पत्ताच लागत नाही. वैमानिकाला वाटतं, आपण सरळच चाललोय.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे विमान मुंबईहून दुबईला निघालं. समुद्रावर काळोख होता. विमानानं उजवीकडं थोडं वळण घेतलं आणि ते पुन्हा सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज बिघडलं होतं. विमान अजून उजवीकडंच कललेलं आहे, असं ते दाखवत राहिलं. म्हणून कॅप्टननं विमान डावीकडं कलवलं, आणखी कलवलं. विमान उलटून वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. त्यातले २१३ जण गेले. सहवैमानिकासमोरची तबकडी बरोबर होती, तिसरी राखीव तबकडीही होती. पण ती ताडून पाहायला हातात काही सेकंदच उरले होते.

म्हणून पॅनेल बदलणाऱ्यानं आधी हा प्रश्न विचारायचा असतो : माझी एक तबकडी खोटं बोलली, तर ते मला दुसऱ्या कुठल्या तबकडीवरून कळेल? ती दुसरी पटकन दिसेल अशा जागी आहे का? आजकाल बरेच जण सहा तबकड्या काढून एकच रंगीत पडदा बसवतात. दिसायला तो झकास. पण वीज गेली की पडदा काळा! म्हणून जाणकार लोक वेगळ्या बॅटरीवर चालणारं दुसरं उपकरण किंवा जुन्या दोन-तीन तबकड्या शेजारी राखून ठेवतात.

दोन स्क्रू काढले, की चार कामं वाढली

पॅनेल म्हणजे पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. त्यात साधारण ८ सेंटिमीटरची गोल भोकं. पुढून सोपं दिसतं, मागं मात्र नळ्या आणि तारांचं जाळं असतं. म्हणून शहाणा माणूस आधी पुठ्ठ्याचं पॅनेल कापतो, त्यावर कागदी तबकड्या चिकटवतो, खुर्चीत पट्टा बांधून बसतो आणि डोळे मिटून प्रत्येक बटणापर्यंत हात पोचतो का ते बघतो. खरा पत्रा कापायचा तो त्यानंतर.

तबकड्या हलवल्यावर काय काय तपासायचं? पहिलं, नळ्या. कुठं बारीकशी गळती राहिली, तर वेग आणि उंची चुकीची दिसते. १९९६ साली पेरू देशात एक मोठं विमान धुताना हवेच्या भोकांवर चिकटपट्टी लावली होती. ती काढायची राहिली. रात्री उड्डाण झालं, वेग-उंचीचे आकडे चुकले आणि ७० माणसं गेली. एवढीशी चिकटपट्टी!

दुसरं, होकायंत्र. जवळून विजेची तार नेली किंवा लोहचुंबक असलेला स्पीकर बसवला, की सुई भलतीकडं वळते. म्हणून विमान जमिनीवरच थोडं थोडं फिरवून प्रत्येक दिशेला किती फरक पडतो ते मोजतात आणि त्याचं कार्ड होकायंत्राजवळ लावतात. तिसरं, वजन. पुढच्या बाजूला दोन किलो वाढले तरी विमानाचा तोल सरकतो, म्हणून विमान पुन्हा तोलायचं. चौथं, लिहून ठेवणं. काय बदललं, कधी बदललं, ते विमानाच्या वहीत नोंदवायचं. कारण उद्या हे विमान दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ शकतं.

हात पोचेना

ही चौथी गोष्ट किती मोलाची, ते ऐका. जुन्या मोटारसायकलींना टाकीखाली पेट्रोलचा कॉक असायचा. तो डाव्या गुडघ्याशी असल्यामुळं चालवता चालवता बाबा न बघता रिझर्व्हवर लावायचे. समजा, कुणी तो कॉक मागच्या सीटखाली बसवला तर?

अमेरिकेत बर्ट रुटान नावाच्या इंजिनिअरनं 'लाँग-ईझेड' हे घरी बांधायचं विमान आखलं. त्याच्या नकाशात इंधनाच्या टाक्या बदलायचा कॉक वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये होता. पण एका बांधणाऱ्यानं तो डाव्या खांद्याच्या मागं बसवला. इंधन किती उरलं ते दाखवणाऱ्या नळ्या मागच्या सीटवरूनच दिसत, आणि त्यांवर आकडेही नव्हते. पुढं हे विमान प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर यांनी विकत घेतलं. उड्डाणाआधी कॉकपर्यंत हात पोचेना, म्हणून दांड्याला पक्कड लावून पाहिली. तरी जमेना. मागचं इंधन बघायला एक आरसा घेतला. १२ ऑक्टोबर १९९७ ला ते एकटेच उडाले. हवेत टाकी बदलण्यासाठी मागं वळले, तेव्हा पाय नकळत पेडलवर दाबला गेला असावा, असं तपासणाऱ्यांनी मांडलं. विमान समुद्रात पडलं. इंधन पुरेसं न भरणं आणि नव्या विमानाचा सराव नसणं, ही कारणंही चौकशीत निघाली. पण त्यांच्यासोबत अधिकाऱ्यांनी हेही स्पष्ट लिहिलं, की कॉकची जागा चुकली होती.

बघा, बांधणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मूळ नकाशात तो कॉक तिथंच का ठेवला होता, हे समजून घेतल्याशिवाय तो हलवला गेला. बदल जरूर करावा. बदल केले नसते, तर गच्चीवर विमान कुठून झालं असतं? फक्त हलवण्याआधी "ही वस्तू इथं का आहे?" हे विचारावं आणि हलवल्यावर जमिनीवरच पुन्हा पुन्हा तपासावं.

करून पाहा

१. फिरत्या खुर्चीवर डोळे मिटून बसा. मोठ्यांपैकी कुणाला तरी खुर्ची अगदी सावकाश, एकाच वेगानं फिरवायला सांगा. वळताय असं वाटेल तिकडं अंगठा दाखवा. अर्ध्या मिनिटानं खुर्ची थांबवली की तुमचा अंगठा कुठं जातो, ते भावंडांना बघू द्या. मजा येईल! (उतरताना हात धरा, चक्कर येते.)

२. पुठ्ठ्यावर सहा तबकड्या काढा, वेगळ्या कापा आणि वर सांगितल्याप्रमाणे मांडा. मित्रानं "उंची!" म्हटलं की बोट ठेवायचं. दहा वेळा खेळा, मग दोन तबकड्यांची अदलाबदल करून परत खेळा. किती चुकता?

३. परभणी, पूर्णा, मानवत रोड... तुमच्या जवळच्या रेल्वे स्टेशनवरच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती वहीत टिपा. तुमच्या गावच्या माळावर विमान उभं असेल, तर उंचीची तबकडी शून्य दाखवेल की जवळपास त्या पाटीवरचा आकडा? विचार करा आणि घरच्यांनाही विचारा.