मेलेल्या बाईच्या घरचं कुणी दाखवत नाही

संपादक महोदय,


‘देवमाणूस’ मालिकेवरून प्रेक्षक आणि समीक्षक यांच्यात जो वाद गेली काही वर्षं अधूनमधून पेटतो, त्यात दोन्ही बाजू मूळ मुद्द्याला बगल देतात, म्हणून हे पत्र. एक बाजू म्हणते, मालिका बंद करा, पोरं बिघडतील. दुसरी म्हणते, हे खरंच घडलेलं आहे, मग दाखवायला काय हरकत. उलट बायका सावध होतील. मी बिलोली तालुक्यात आरोग्य सेविका होते, आता निवृत्त आहे. मालिका मी नेमानं बघितली. ती बंद करा असं माझं म्हणणं नाही. पण तिनं सावध मात्र कुणालाच केलेलं नाही.

खरं घडलेलं काय होतं ते आधी सांगते. ऑगस्ट २०१६ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या वाईजवळच्या धोम गावच्या, डॉक्टर म्हणवून घेणाऱ्या एका माणसाला अटक झाली. अंगणवाडी सेविकांच्या संघटनेचं काम करणाऱ्या एक बाई बेपत्ता होत्या, त्यांचा शोध घेता घेता पोलीस त्याच्यापर्यंत पोचले. २००३ पासून सहा जणांना मारल्याची कबुली त्यानं दिली असं पोलिसांनी सांगितलं. सहांपैकी पाच बायका होत्या. त्याच्या फार्महाऊसच्या आवारातून मृतदेह खणून काढावे लागले. एवढी वर्षं माणसं एकेक करून नाहीशी होत होती, कुणाची आई, कुणाची लेक, आणि गाव त्याच माणसाकडे औषधाला जात होतं. त्यावर बेतलेली मालिका झी मराठीवर ऑगस्ट २०२० च्या अखेरीस सुरू झाली. मग डिसेंबर २०२१ मध्ये दुसरा भाग आला, जून २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’ आला.

मालिकेत डॉक्टर झालेल्या किरण गायकवाड यांचा अभिनय चांगलाच आहे, त्याबद्दल वाद नाही. त्यातल्या सरू आजींच्या म्हणी आणि टोण्याच्या खोड्या यांनी घराघरांत हसू आणलं. पण मालिका बघणाऱ्यांकडेही जरा बघा. आमच्या गल्लीत आम्ही चार-पाच जणी एका घरी जमायचो. नवी बाई डॉक्टरच्या दवाखान्यात पाऊल टाकायची आणि कुणीतरी म्हणायचं, “झालं, आता हिचा लंबर.” ती मरायची. दोन भाग जाईपर्यंत तिचं नावही कुणाच्या ध्यानात नसायचं. आणि पोलीस त्याच्या दारात आले, संगीत चढलं, की त्याच बाया पदर तोंडाशी धरून म्हणायच्या, “सापडला की काय गं माय!” काळजी कुणाची? तर त्याची. ह्या बाया निर्दय नाहीत. शेजारच्या लेकराला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणाऱ्या आहेत. पण मालिका लिहिलीच अशी आहे की कॅमेरा सतत त्याच्या खांद्याशी उभा. बेत त्याचा, भीती त्याची, सुटकाही त्याची. मारली जाणारी बाई एक तर पैशाला हपापलेली, नाही तर प्रेमाला भुललेली. तिच्या घरी त्या रात्री कुणी जेवलं का, तिची आई ठाण्याच्या पायऱ्या किती वेळा चढली, “गेली असेल कुणाबरोबर” हे तिला कुणी ऐकवलं, त्यासाठी शेकडो भागांत जागा निघाली नाही. मालिकेनं हिंसा उदात्त केली म्हणून समीक्षकांनी ओरड केली. प्रेक्षकांनी करमणूक आहे म्हणून उत्तर दिलं. ह्या आईचा विषय दोघांनीही काढला नाही.

हिंसा दाखवणंच वाईट, असं मी मानत नाही. मराठी रंगभूमीवर १९७० मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ आलं तेव्हा साडीवरच्या रक्ताच्या डागावरून सेन्सॉरशी केवढं रामायण झालं. शेवटी डाग निळा दाखवायचा असं ठरलं, पण तो डाग बघून प्रेक्षक अस्वस्थ होऊन घरी जात, कारण तो कुणाच्या अंगावर उमटला आणि कुणी उमटवला हे नाटक विसरू देत नव्हतं. दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’मध्येही गुन्हे होते, खून होते. पण आपण पोलिसाबरोबर चालत होतो, गुन्हेगार सापडावा म्हणून श्वास रोखत होतो. रक्त किती सांडलं यापेक्षा ते बघताना आपण कुणाच्या बाजूला उभे असतो, याचा हिशेब मांडायला हवा.

आता सावध होण्याबद्दल. मी ज्या गावांत लसीकरणाची पेटी घेऊन फिरले, मांजरेच्या काठची, इकडे सगरोळीपासून तिकडे कुंडलवाडीपर्यंतची, तिथं पदवी नसलेला डॉक्टर कसा रुजतो ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. तो रात्री दोनला हाक मारली तरी येतो. पैसे उद्या द्या म्हणतो. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत विचारतो. सलाईनमध्ये जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सोडलं की बाटली पिवळी होते. लोक तिला ताकदीची सलाईन म्हणतात आणि ती लावली की मजूर माणूस दुसऱ्या दिवशी कामाला जायला तयार. सरकारी डॉक्टरची जागा रिकामी, नांदेडला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, बोधन-निजामाबादला गेलं तर खिसा रिकामा होतो. मग हा देवमाणूस वाटणार नाही तर काय होईल? धोमच्या प्रकरणातला खरा धडा इथं होता. गावानं त्याच्यावर विश्वास टाकला तो दुसरं कुणी दारात येत नव्हतं म्हणून. वैद्यक व्यावसायिकांबाबतचा १९६१ चा कायदा आपल्या राज्यात आहे, नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं हा त्याखाली गुन्हा आहे. दवाखान्यात नोंदणी क्रमांक लावलेला असतो का, तो कुठं पडताळायचा, तक्रार कुणाकडे करायची, हे एखाद्या भागात आलं असतं तर खुशाल म्हणा बायका सावध झाल्या. त्याऐवजी आमच्या गल्लीतल्या एका सुनेला मालिकेनंतर ऐकावं लागलं की एकटीनं दवाखान्यात जाऊ नको. पायबंद बसला तो पुन्हा बाईलाच.

डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे मालिका ऐन रंगात असताना, आमच्या बिलोलीत एका मूकबधिर तरुणीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. त्या घटनेचा मालिकेशी काडीचाही संबंध नाही आणि मी तो जोडत नाही. पण तेव्हा गाव कसं हललं ते मला आठवतं. लोक रस्त्यावर उतरले, मोर्चे निघाले, आरोपींना कडक शिक्षा करा म्हणून निवेदनं दिली गेली. तिच्या घरच्यांचं कसं होईल, ह्याचीच चर्चा ओट्याओट्यावर होती. मारणारा कसा दिसतो, कसा हसतो, हे कुणाला जाणून घ्यायचं नव्हतं. मेलेल्या लेकीच्या बाजूनं उभं राहायचं हे माणसांना सांगावं लागत नाही. आमची ही समज एवढी शाबूत असताना रोज रात्री वाहिनी ती उलटी का फिरवत होती, हा माझा लेखकांना सवाल आहे.

टीआरपी चांगला, म्हणून मालिका चांगली, हे उत्तर मला मान्य नाही. दिवसभर निंदणी-खुरपणी करून आलेली बाई समोर जे लागेल ते बघते. तिच्यापुढे दुसरं काही ठेवून बघितलंत का? आणि आपल्या पुरवणीतल्या समीक्षकांना विनंती, की अशा मालिकेवर लिहिताना कोणाचा अभिनय कसा यावर चार ओळी कमी लिहा आणि मरणाऱ्या पात्राला घर आहे का, ते एकदा तपासा.

वाहिन्यांवरच्या मजकुराबद्दल तक्रार ऐकणारी परिषद वाहिन्यांनीच २०११ मध्ये स्थापन केली. बंदीची मागणी घेऊन मी तिच्याकडे जाणार नाही. पुढचा अध्याय आला तर त्यातले निदान काही भाग बेपत्ता बाईच्या उंबऱ्याच्या आतून लिहिले जावेत, एवढंच मागणारं पत्र मी परिषदेला आणि वाहिनीला वेगवेगळं पाठवत आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांना हे पटेल त्यांनीही पाठवावं.

कळावे,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
बिलोली, जि. नांदेड